दळणाचा डबा

३ नोव्हेंबर, सोमवार
विकली! चक्की शेवटी वामनरावालाच विकली. चिखलीचा डॉक्टर म्हणाला, पीठ सोडा, नाहीतर छाती साथ सोडेल. सोडलं.
गावात चक्क्या दोनच — बसस्टँडजवळची त्याची, माझ्या घरासमोर गल्लीपलीकडची माझी. तीस वर्षं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली. आता जुनी पोराला देऊन माझ्या चक्कीवर तो स्वतः बसणार. भाव ठरताना "परवडत नाही हो" म्हणत पान चघळत होता. मधेच चघळणं थांबलं. माझे कान तिथंच होते. वामनरावाला एखादी गोष्ट मनापासून हवी असली की तोंड थांबतं. थोडा भाव वाढवला. मिळाला!

४ नोव्हेंबर
आंघोळ झाल्यावर चक्कीच्या सवयीनं डोक्याला रुमाल बांधला. मग सोडला.

६ नोव्हेंबर, गुरुवार
पुण्याहून छायाचा फोन. "बाबा, आता तरी आराम करा." पोरी, करतोय. आराम म्हणजे पंख्याचा आवाज.
चक्कीवर बायका दळणाला थांबायच्या. कोणाची सून रुसली, कोणाची म्हैस आटली — पट्टा फिरत असला तरी मला सगळं ऐकू यायचं. बायको, कोकिळा, म्हणायची, "तुमचे कान चोराचे." ती गेल्यावर त्या गप्पांवरच दिवस काढले. आता गप्पा समोर वामनरावाजवळ चालतात. इथवर नुसतं हसणं येतं, शब्द येत नाहीत.

८ नोव्हेंबर
घरातलं पीठ संपलं. सगळ्या गावाचं दळलं, पण स्वतःचं दळण कधी दुसऱ्याकडे नेलं नव्हतं. गव्हाचा डबा भरून दारापर्यंत नेला. समोर बायकांचे डबे ओळीनं मांडलेले. त्यांच्यामागं माझा ठेवू? माझ्याच चक्कीवर?
डबा परत आणला. खिचडी टाकली.

९ नोव्हेंबर
खिचडी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
बसस्टँडवरून पाव आणताना शेजारच्या रुखमाबाईनं धरलं. "भाऊजी, पाव काऊन?" म्हटलं, दाढ दुखते, मऊ लागतं. तिला पटलं असं वाटलं. बाई हुशार आहे, म्हणून खात्री नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
वामनराव चक्की रिकामी फिरवतोय! दाण्याचा पत्ता नाही, नुसता दगडावर दगड. चक्कीवाल्याला याहून वाईट आवाज नाही. काळजावर कानस घासल्यासारखा. आधी वाटलं, चुकला असेल. बंद झाली. पाच मिनिटांनी परत तेच!
माझी नाही ती आता. विकली. चपला घातल्या, काढल्या. खिडकी लावली. दुपारी पुन्हा. इतक्या वर्षांचा धंदेवाला, त्याला कळत नाही होय? मुद्दाम वाटोळं करतोय. सहदेवची चक्की खराबच होती, असं गावात सांगायला मोकळा!

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी पुन्हा तोच आवाज. तणतणत गेलो. म्हटलं, दगड जाळता का? दाणा कुठाय?
वामनरावानं बटण बंद केलं. "दाणा तुमच्या घरी हाय, सहदेवभाऊ. चक्की घेतल्यापासून वाट पाहून राह्यलो. रुखमाबाई सांगे, पाव खाता म्हणून. निरोप धाडला असता त आले असते का तुम्ही?"
मी चक्कीवर हात ठेवला. तापली होती.
"म्हणून रिकामी फिरवली. म्हटलं, ह्या आवाजाले त येतीनच."
दगड गेले ना पण, मी म्हटलं.
"जाऊ द्या. आता माह्ये हायेत." मग ओट्यावरची पोती सरकवून जागा केली. "डबा आणा. दळण होईस्तोर बसा इथं."
तोंडात पान होतं. चघळणं थांबलं होतं.
डबा न्यायला घरी आलो आणि हे लिहीत बसलो. निघतो. डब्यांची ओळ वाढायच्या आत.