लाल चिमटा उजव्या हाताला

कट्टा,
बुधवार, दुपार

तीर्थरूप तुळसाआते,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (प्रत्यक्षात डोकं उशीवर आहे आणि कागद पोटावर, कारण गेले पाच दिवस वाकून वाकून लोकांच्या पायांना चिमटे लावतेय आणि कंबर धरली आहे. नमस्कार मात्र मनापासूनचा.) तुझे गुडघे कसे आहेत? फोंडाघाटात उकाडा कमी असतो असं तू दर वर्षी सांगतेस आणि दर वर्षी आम्ही तिथून भिजलेल्या पंच्यासारखे परत येतो, तरी यंदा तो खरोखरच कमी असो. इकडे विमलाकाकी बरी आहे, काजी बऱ्या लागल्या आहेत, मी बरी आहे. बाबलीकाकाचं पुढे लिहिते.

फोन का केला नाही म्हणशील. आपल्या घरी फोन वाजला की काका तो पडवीत पाटावर ठेवतो, स्पीकर लावतो आणि मग आजूबाजूच्या तीन घरांसकट बोलणं होतं. मला जे सांगायचंय ते तीन घरांचं नाही. तू चौतीस वर्षं शाळेत शिकवलंस, तेव्हा माझ्या अक्षराकडे दुर्लक्ष कर आणि मजकुराला मार्क दे. थोडक्यात सांगायचं तर या आठवड्यात माझं शिक्षण आणि काकाचं काळीज अशी दोन्ही एकदम पणाला लागली, आणि त्यातलं शिक्षण पहिल्याच दिवशी बुडालं.

मी आता डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या वर्षातल्या विद्यार्थ्याला रोग सगळे पाठ असतात, फक्त रोगी ओळखता येत नाही. गेल्या परीक्षेत बाईंनी माझ्यासमोर ईसीजीचा गुलाबी कागद धरला. (ईसीजी म्हणजे हृदयात जी बारीकशी वीज खेळते तिची कागदावर उमटलेली नागमोडी रेघ.) मी त्या रेघेकडे इतका वेळ बघत राहिले की बाईंनी शिपायाकडून पाणी मागवलं, आणि ते त्यांना नको होतं. सुट्टीत घरी आल्यावर ही नामुष्की मी आपल्या डॉक्टर मिंगेलना सांगितली. ते म्हणाले, आजारी काळीज ओळखायचं तर आधी पन्नास धडधाकट काळजं बघ. आणि दवाखान्यातलं जुनं मशीन त्यांनी मला सुट्टीपुरतं देऊन टाकलं. ते एका हाताने उचलण्याएवढं आहे. त्याला चार चिमटे, दोन हातांना आणि दोन पायांना, आणि छातीवर चिकटवायला सहा रबरी फुगे. चिमट्यांना रंग असतात. लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, पायांचं तूर्त सोडून दे. एवढं लहान पोरालाही कळेल असं ते मला म्हणाले होते.

पहिलं धडधाकट काळीज म्हणून मी बाबलीकाकाला निवडलं. अडुसष्टाव्या वर्षी जो माणूस काजीच्या बागेची चढण रोज दोनदा चढतो त्याच्याहून धडधाकट कोण असणार? आणि काका एका शब्दात तयार झाला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आत्तापर्यंत ज्याने ताप मोजायला तोंडात काडी धरली नाही, तो माणूस आपण होऊन शर्ट काढून पडवीत आडवा झाला होता.

आता नव्या कामाआधी गाऱ्हाणं घातल्याशिवाय काका नारळसुद्धा सोलत नाही हे तुला मी काय सांगावं. मशीनचं बटण दाबणार एवढ्यात तो झोपल्या झोपल्या सुरू झाला, "बा देवा म्हाराजा, आज जी काय ही पेटी आमच्या घरात इली आसा, तिचा आणि ह्या चेडवाचा जमान जावंदे रे म्हाराजा." बघायला जमलेली बाराजणं ओरडली, "व्हय म्हाराजा." त्यांच्याहून मोठा आवाज काकाचा स्वतःचा. (त्यातलं चेडू म्हणजे मी.) कागदावर हृदयाच्या जागी काट्यांचं कुंपण उमटलं, कारण रुग्णाने अंग हलवलं तर मशीनला तेवढंच दिसतं. मी सगळ्यांना गप्प केलं. मग फुगे पडू लागले. चार लोकांत उघड्या अंगाने झोपायचं म्हणून काकीने त्याला आंघोळीनंतर खोबरेल लावून लखलखीत केला होता, आणि तेलावर फुगा धरत नाही. तिसऱ्या वेळी काकीने स्वतःच्या पदराने त्याची छाती पुसली आणि एकदाचा कागद निघाला.

कागद बघितला आणि आते, मी तो उजेडात नेऊन पुन्हा बघितला. पहिल्या ओळीतली जी टोकं वर जायला हवीत ती सगळी खाली गेलेली. असं कधी होतं ते पुस्तकात एका चौकटीत दिलेलं आहे आणि ती चौकट मला पाठ होती (परीक्षेत ती आली नाही). मी उठून उभी राहिले आणि बारा माणसांसमोर जाहीर केलं की बाबलीकाकाचं हृदय उजव्या बाजूला आहे.

पुढचे दोन दिवस आपल्या घराची जत्रा झाली. काकाला त्यात काही वावगं वाटलं नाही. डाव्या कुशीवर आपल्याला झोप का लागत नाही याचा उलगडा झाला असं तो म्हणाला. काकीला मात्र आपण अडतीस वर्षं भलत्याच बाजूने संसार केला असं वाटू लागलं. कट्ट्याच्या एसटी स्टॉपवर काका शर्टाचं बटण उघडून बसायचा आणि येणारे-जाणारे उजवीकडे हात ठेवून ठोके मोजायचे. ते लागतही होते म्हणे. माणसाला एकदा सांगितलं की हाताला काहीही लागतं. दोघे तर आपलीही तपासणी कर म्हणून मागेच लागले, आणि त्यांचीही हृदयं उजवीकडेच निघाली. तेव्हा मला प्रथम शंका आली. एका गावात तीन म्हणजे जरा जास्तच होतात.

मी कागद घेऊन डॉक्टर मिंगेलकडे गेले. त्यांनी एक नजर टाकली आणि विचारलं, लाल चिमटा कुठे लावलास? मी म्हटलं, उजवीकडे. ते म्हणाले, कुणाच्या उजवीकडे? आते, मी काकाच्या पायांशी, त्याच्याकडे तोंड करून उभी होते. माझ्या उजवीकडे जो हात आला त्याला मी लाल चिमटा लावला होता. त्यांनी मला छातीवरच्या फुग्यांच्या ओळीही दाखवल्या. हृदय खरंच उजवीकडे असतं तर त्या डावीकडे जाता जाता लहान लहान होत गेल्या असत्या, त्या तर झक्क मोठ्या होत होत्या. म्हणाले, काळीज आपल्या जागेवर आहे, डॉक्टरीणबाई जागेवर नाहीत. मी त्याच पावली घरी येऊन काकाला ही बातमी दिली. हृदय परत डावीकडे आल्याचं ऐकून तो हिरमुसला.

इथपर्यंतचं सगळं तू कोणालाही वाचून दाखव. पुढचं नको.

चूक सुधारायची म्हणून मी काकाचा कागद पुन्हा काढला. लाल चिमटा त्याच्या उजव्या हाताला. या वेळी पहिली ओळ शहाण्यासारखी सरळ आली, पण छातीवरच्या शेवटच्या तीन फुग्यांच्या ओळीत, प्रत्येक ठोक्यानंतर जी छोटी टेकडी असते, तिच्या जागी खड्डा होता. पहिल्या कागदावरही तो असणार, पण तेलामुळे त्या ओळी इतक्या थरथरत्या होत्या की तो डॉक्टरांच्याही लक्षात आला नाही, आणि मी तर उजव्या हृदयाच्या नादात होते. मी चिमटे काढले, पुसले, पुन्हा लावले. पुन्हा खड्डा. पाच वेळा काढला. आजवर केलेली प्रत्येक चूक दुसऱ्याची निघावी असं मला वाटत आलंय, त्या दिवशी पहिल्यांदा देवाला हात जोडले की ही चूक माझीच निघू दे. ती माझी नव्हती. डॉक्टर मिंगेल स्वतः घरी आले, कागद बघितला आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता काकाला विचारलं की बागेच्या चढणीवर हल्ली किती वेळा थांबता. काका म्हणाला, तीनदा. एकदा लुंगी बांधायला, एकदा झाड बघायला आणि एकदा असाच. मग काकी मधेच म्हणाली की लुंगी तर घरातूनच घट्ट बांधून जातात. तेव्हा मला कळलं की तो त्या दिवशी एवढ्या लगेच शर्ट काढून का झोपला होता. न बोलता, न विचारता, कोणीतरी आत डोकावून बघावं एवढंच त्याला हवं होतं, आणि मी डोकावून त्याला सांगितलं की तुझं हृदय उजवीकडे आहे. आते, मला स्वतःची फार लाज वाटली.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, बागेत जायला बंदी घातली आणि सांगितलं की हृदयाला रक्त कमी पडतंय, याच आठवड्यात कोल्हापूरला जाऊन नळीतून तपासणी करून घ्या, घाबरू नका पण टाळूही नका. काकाने मान डोलावली. डॉक्टरांची पाठ वळताच म्हणाला, कौल घेतल्याशिवाय घाट चढायचा नाही. चाळीस वर्षं देवळात कौल लावणारा माणूस, त्याला कोण अडवणार? मी म्हटलं, देवळापर्यंत चालायचं नाही. तर पडवीकडे हात करून म्हणाला, देव हंयसरय आसा. आणि माझे फुगेच मागितले. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन बाजूंना एक एक फुगा लावायचा, उजवा आधी पडला तर जायचं, डावा पडला तर नाही. देवाच्या अंगावर फुलांचे कळे चिकटवतात तसंच. मी फुगे लावले, काकाने डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं, काकीने हात जोडले. डावा पडला. कसा पडला ते विचारू नकोस.

मी वाद घातला की माझ्या बाजूने बघितलं तर तो उजवा होता. काका म्हणाला, "गो बाय, उजवो तो देवाचो उजवो. बगणाऱ्याचो न्हय." म्हणजे डॉक्टर मिंगेल आणि काका या दोघांनी एकाच आठवड्यात मला एकच धडा दिला, आणि मी दोन्ही वेळा नापास झाले. त्यानंतर काका कोल्हापूरचं नावही काढू देत नाही. गोळ्या घेतो, कारण गोळ्यांचा कौल घेतलेला नाही.

असो. तब्येतीला जप. पाणी भरताना कळशी कमरेवर घेऊ नकोस. डॉक्टर मिंगेल म्हणतात काळजीचं कारण नाही, आणि मीही तेच म्हणते.

तुझी
संचिता

ता. क. काळजीचं कारण आहे. बाबांच्या वेळी आपण सगळे पित्त असेल म्हणून आल्याचा रस देत बसलो होतो. मंगेशला जरा पडू दे, असं काकाच म्हणाला होता, आणि बाबा पडले ते उठले नाहीत. आत्ता माझ्या हातात कागद आहे आणि मी परत बघत बसणार नाही. म्हणून तुझ्याकडे एक काम आहे, त्यासाठीच हे पत्र. काका स्वतःसाठी कुठे जाणार नाही, पण तुला एकटीला घाट चढू देणार नाही. उद्या संध्याकाळी फोन कर. स्पीकर लागलेला असेलच. म्हण की डोळ्याचं दाखवायला शनिवारी कोल्हापूरला बोलावलंय आणि सोबत कोणी नाही. तिथे गेल्यावर पुढचं सगळं मी आणि डॉक्टर मिंगेलनी ठरवून ठेवलंय. पाकीट सुदेशच्या गाडीतून पाठवते, तो उद्या सकाळी फोंडाघाटाला काजू घेऊन येतोय.

ता. क. २. कसा पडला ते तू विचारणारच. मी उजव्या फुग्याखाली बोटभर खोबरेल लावलं होतं, म्हणजे तोच आधी पडेल. कुणाच्या उजव्या, ते तुला आता सांगायला नको. हे काकाला मरेपर्यंत कळता कामा नये.

ता. क. ३. तुळसा, ह्यां मी बाबली लिवतंय. सुदेशाची गाडी सकाळी सुटतली, म्हणान तेणां पाकीट माझ्याकडेच ठेवूक दिल्यान. पाकीट चिकटवलेला होता, पण चायच्या वाफेर सुटला. सगळा वाचलंय. डोळ्याचा काय सांगू नको, तुका खोटा सांगूक कधीच जमला नाय. चेडू बोटान तेल लावी होता ता मी तेव्हाच बगलंय. तो कौल देवाचो नव्हतो, ह्यां माका ठावक होता. माका भय वाटला, म्हणान तेच्या आड लपलंय. मंगेशाक पडान रव म्हणान मीच सांगलेलंय, ता मी एक दिवस विसरूक नाय. शनिवारी गाडी घेवन येतंय, तयार रव. तू वांगडा, सोबतीक आसलंस तर माका बरा वाटतला. उद्या फोन मात्र कर, तिणां सांगल्यान तसोच कर, मी स्पीकर लावतंय. चेडवाक काय कळूक देव नको. पुढे तिका माझ्यासारखे हट्टी लय गावतले, एकाक तरी आपण फसवन नेलंय असा तिका वाटांदे.