सहावं काडतूस

ड्राय फोर्क, मोंटाना
मंगळवार, ६ ऑक्टोबर १९८७

प्रिय क्लेट,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. तू बरा असशील, अर्लीनचा गुडघाही बरा असेल. इकडे गवत कापून झालं, बर्फ अजून पडलं नाही, लंगडी घोडी अजून खातेय, आणि आपले डॅडी ऑगस्टात गेले, हे तुला व्हर्डी आत्याने फोनवर सांगितलंच आहे. तू मातीला आला नाहीस ते बरं केलंस. जेवण मीच केलं होतं, त्यामुळे तुझं काही चुकलं नाही.

मृत्युपत्रात तुझं नाव नाही. मी वकिलाला दोनदा बघायला लावलं. घर-जमीन माझ्या नावावर आहे, पण आजोबांच्या रिव्हॉल्व्हरसाठी म्हाताऱ्याने वेगळी ओळ लिहिलीय: "रिव्हॉल्व्हर नेल्डाला. तिला भरता येतं." आत्याने मला कोपराने ढोसलं. म्हणाली, "बघ गं, जन्मात कुणाला चांगलं म्हणाला नाही, तुला म्हणाला!" आणि मी मूर्खासारखी हसले. पन्नास वर्षांची बाई, बापाच्या एका शाबासकीवर खूश!

आता रीतीप्रमाणे नव्या मालकाने घरच्या सगळ्यांसमोर कुंपणाच्या खांबावर पाच गोळ्या झाडायच्या, मगच ते त्याचं. डॅडींनी झाडल्या तेव्हा तू आईच्या कडेवर होतास म्हणे. आत्याने अठरा तारखेचा रविवार ठरवलाय, सगळ्या चुलत भावंडांना आवतण गेलंय, गोडाला ॲपल-पायसुद्धा ठरले. जसं काही बारसंच आहे. आई गेली त्या दिवसापासून ते रिव्हॉल्व्हर पेटीतून बाहेर निघालं नव्हतं, हे कुणाच्या ध्यानातही नाही.

एकतीस वर्षं पडलेलं हत्यार तसंच कसं झाडणार? म्हणून गेल्या आठवड्यात गावातल्या लिंडालकडे नेलं. तो अजून बंदुका दुरुस्त करतो, आणि अजून एक वाक्य सरळ बोलत नाही. "नेल्डा, हे म्हातारं जनावर आहे," म्हणाला, "दुकानातली आजची जोरदार काडतुसं घातलीस तर तुझा पंजा कुंपणापलीकडे जाऊन पडेल. याला जुनी काळी दारूच लागते." त्याने घोडा ओढून सहा घरांची गोळ्यांची चक्री नीट अडकते का ते सहाही वेळा पाहिलं, नळीतला गंज काढला, आणि मग ते जुन्या टायरला बांधून, चापाला दोरी लावून, आम्ही दोघं ट्रकच्या आडोशाला बसून एक बार काढला. काही फुटलं नाही. मला उगाचच वाटलं होतं की फुटेल. फुटलं असतं तर सुटले असते.

काळ्या दारूची काडतुसं विकत मिळेनात, म्हणून ती घरीच भरायची ठरली. लिंडाल दारू मोजून देताना म्हणाला, "काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर नेलपॉलिशचा थेंब लाव हं, म्हणजे ओल आत शिरत नाही. तुला काय सांगायचं म्हणा! तू लाल लावायचीस ना? तुझे डॅडी सांगायचे. म्हणायचे, माझी काडतुसं साधी, पोरीची लिपस्टिक लावलेली."

क्लेट, मी तिथल्या स्टुलावर बसले. लिंडालने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, बापाच्या आठवणीने भरून आलं.

घरी येऊन पेटी उघडली. त्यात तेलाच्या चिंध्यांखाली तंबाखूची एक चपटी डबी होती. आत वंगण असेल म्हणून मी ती उघडलीच नव्हती. सुरीने झाकण उचकटलं. आत एक रिकामं काडतूस होतं, झाडलेलं. बुडाला, टोपीच्या कडेने, लाल रंग.

आता सांगते. हे लिहायला तीन कागद फाडलेत.

आपल्याला बोलता येऊ लागलं तेव्हापासून पाठ होतं: एक भर, एक सोड, चार भर, घोडा ओढ. म्हणजे सोडलेलं घर घोड्याखाली येतं आणि पडलं-आपटलं तरी बार उडत नाही. आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तू तसंच भरलं होतंस. पाच, डॅडींची. पण त्या रात्री कोल्हे कोकरांवर आले होते आणि गोठ्यात मी जाणार होते. मला वाटलं, एक जास्त असलेली बरी. रिकाम्या घरात मी माझं घातलं. कोल्हा दिसलाच नाही. परत येऊन पट्टा खुंटीला अडकवला, आणि ते काढायचं विसरले. एवढंच. विसरले.

सकाळी तू तो पट्टा फाटकाच्या खांबावर टांगलास, तो सरकून दगडावर पडला, आणि आई कॉफी घेऊन समोरून येत होती.

मातीच्या वेळी डॅडींनी सगळ्यांसमोर तुला विचारलं, "सहा का भरलीस?" तू म्हणालास, "पाचच भरली होती." तीनदा म्हणालास. मी तुझ्या शेजारी, आईचा कोट घालून, मूग गिळून उभी होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथेच रुमाल घेऊन रडतोय.

मी घाबरले होते, हे मी मान्य करते. पण म्हाताऱ्याने चक्री त्याच दिवशी उघडली होती. लाल रंग पाहिला होता. म्हणजे तुला विचारलं तेव्हा त्याला ठाऊक होतं! तू तसाही रेल्वेत जाणार म्हणून भांडत होतास. तू काय, जाणाराच होतास. घरात रांधायला कुणीतरी हवं होतं, आणि अपराधी पोर तोंड वर करून कुठे जाणार? एकतीस वर्षं तो माझ्या हातचं जेवला आणि रोज "मीठ कमी आहे" म्हणाला. वॉल्टरने मला मागणी घातली तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "जा की, मन मानत असेल तर." मला ते मोठेपण वाटलं होतं!

आणि तुझ्यावरही राग आहे. एकदा तरी विचारायचंस, "नेल्डा, तू तर नाहीस ना?" तुला माझा संशयसुद्धा आला नाही, याचा मी कसा सूड घेऊ?

पाच काडतुसं भरून झालीत. टोप्यांवर मेणाचा थेंब लावलाय. रविवारी सगळे खांबासमोर जमले की आधी या पत्राची नक्कल आत्याला मोठ्याने वाचायला देणार आहे. ॲपल-पाय खाऊन झाल्यावर नाही, आधी. मी एकही गोळी झाडणार नाही. रिव्हॉल्व्हर खांबावर ठेवीन आणि चार वाजेपर्यंत थांबेन. आलास तर पाचही तुझ्या, मग ते तुझं. नाही आलास तर लिंडाल त्याचे तुकडे करील, त्याला सांगून ठेवलंय.

माफी मागत नाही. ती देणं तुला भाग पडेल, असं आणखी एक ओझं तुझ्यावर कशाला?

डबीतलं ते काडतूस कापसात गुंडाळून सोबत पाठवते आहे. तुझ्या अर्लीनला दाखव, तुझ्या मुलांना दाखव. तू पाचच भरली होतीस.

सहावं भरणारी,
नेल्डा