आगोगो कितव्या नंबरवर?

२ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. रेडिओ स्टेशनचा तांत्रिक प्रमुख म्हणून माझ्या कामाची कुठेतरी नोंद राहायला हवी. स्टेशनात ती कोणी ठेवत नाही. प्रमुखाच्या हाताखाली कोणी नाही हे खरं, पण हुद्दा तो हुद्दा.

सकाळी मॅनेजर कामांगासाहेबांनी बोलावून हातात एक छोटी हार्ड डिस्क ठेवली. म्हणाले, "लोंग्वे, कॉम्प्युटरचा बॅकअप घेऊन टाक. उद्या काही झालं तर अख्ख्या न्खाटा बे बंदराचा आवाज जाईल." मी म्हटलं, काही होणार नाही, मी आहे ना. ते म्हणाले, म्हणूनच.

नीट कळलं नाही. कौतुकच असावं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

डिस्क लहान, कॉम्प्युटर तुडुंब. म्हणजे निवड आली. सॉफ्टवेअर प्रत्येक फोल्डरपुढे चौकोन दाखवतं, हवं त्यावर टिक करायची. ऐरागैरा इथेच अडकला असता.

माझा नियम सोपा. जे मोठं ते महत्त्वाचं. सगळी रेकॉर्डिंग्ज: अवाढव्य. टिक. फुटबॉलचे व्हिडिओ: टिक. 'लोंग्वे खाजगी', म्हणजे मेहुणीचं लग्न, पूर्ण: टिक. डिस्क भरत आली.

राहिला डेटाबेस. एवढीशी फाईल. रेकॉर्डिंग सेव्ह होताना त्याला नुसता नंबर पडतो. तो नंबर कुणाचा, कोण बोलतंय, कधीचं, हे सगळं या डेटाबेसात. टिक केली तर सॉफ्टवेअर म्हणालं, डेटाबेस वापरात आहे, आधी बंद करा. वापरत होती टेम्वा, आमची निवेदिका. ती दुपारच्या मृत्युवार्ता वाचत होती. तिला मधेच उठवायचं म्हणजे पुढच्या मृत्यूची वार्ता माझी. टिक काढून टाकली. नावंच तर आहेत. ती माझ्या डोक्यात आहेत.

चहाच्या आत बॅकअप पूर्ण. साहेबांना सांगितलं, सगळं सुरक्षित. त्यांनी "सगळं?" असं विचारलं. मी "सगळं" म्हणालो. इथे शब्द वाया घालवण्यात अर्थ नव्हता.

९ ऑक्टोबर, सोमवार

म्झुझूहून तावोंगाचा फोन. नर्स आहे, आगोगो नेलियाची मुलगी. आगोगो म्हणजे आजी. पण नेलियाबाई सगळ्या बंदराच्याच आगोगो होत्या. संध्याकाळी आमच्या रेडिओवर गोष्टी सांगायच्या आणि शेवटी होडीवाल्यांना सांगायच्या, "पोरांनो, उद्या म्वेरा सुटणार, घरी बसा." हवामान खात्याला न कळलेला वारा त्यांच्या गुडघ्यांना कळायचा. गेल्या वर्षी गेल्या.

१८ नोव्हेंबरला त्यांच्या थडग्यावरच्या दगडाचं अनावरण आहे. तावोंगाला त्यांचं शेवटचं रेकॉर्डिंग हवंय. लग्न होऊन होडीतून सरोवर ओलांडून सासरी आल्या, ती हकिकत. शेवटी वल्ह्याचं गाणं. ते गाणं तिला लहानपणी म्हणून दाखवायच्या. रेकॉर्ड केलं तेव्हा ती ड्यूटीवर होती, ऐकायचं राहून गेलं. ते दगडासमोर लावायचंय. म्हणाली, "लोंग्वेदादा, ते आहे ना?"

मी हसलो. आहे ना काय! दोन ठिकाणी आहे.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

वीज गेली होती, ती आली. येताना एवढ्या जोरात आली की कॉम्प्युटरमधून धूर. टेम्वा ओरडली. साहेब डोक्याला हात लावून खाली बसले. हसत होतो फक्त मी.

"हसतोस काय?" साहेब म्हणाले.

मी खिशातून डिस्क काढून दाखवली. असे क्षण आयुष्यात फार येत नाहीत.

संध्याकाळी एस्नातला सांगितलं. मक्याची न्सिमा ताटात वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, पण उघडून बघितलंय का त्यात काय आहे ते?" बायकोला तांत्रिक गोष्टी समजावण्यात अर्थ नसतो.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

नवीन कॉम्प्युटर आला. (जुनाच आहे, आमच्यासाठी नवीन.) सर्वांसमोर रिस्टोअर केलं. हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली. टाळ्या. टेम्वानेसुद्धा वाजवल्या.

मग ती खुर्चीत बसली, फोल्डर उघडला आणि यादी खाली सरकवत राहिली. नंबर. खाली, आणखी खाली, नुसते नंबर. हजारो.

"लोंग्वे, नावं कुठे गेली?"

मी सांगितलं की नावं हा वेगळा विषय आहे.

"वेगळा म्हणजे कुठे?"

मी कपाळावर बोट ठेवलं. तिने कपाळाकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग बाहेर जाऊन गरम तळलेली मंदाझी विकत घेतली आणि एकटीच खाल्ली.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

संध्याकाळच्या गोष्टींच्या वेळी आगोगोंची सशाची गोष्ट लावायची होती. नंबर मला पक्का आठवत होता. लावला. कोंबड्यांना होणारा रोग आणि त्यावरील उपाय. लगेच दुसरा पक्का नंबर लावला. चार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी लग्नाच्या शुभेच्छा. बाजारातून फोन आला, त्या जोडप्याचा काडीमोड झालाय आणि नवी बायको रेडिओ ऐकतेय.

संकल्प: आठवणीला थोडी विश्रांती द्यायची. ताण आलाय.

३० ऑक्टोबर, सोमवार

साहेबांनी बैठक घेतली. मी तीन तांत्रिक उपाय मांडले. तिन्हींची सुरुवात "डेटाबेस असता तर" अशी होत होती. साहेब म्हणाले, बस.

मग टेम्वा म्हणाली, आवाज ओळखणारी माणसं आहेत की गावात. व्हरांड्यात स्पीकर ठेवू. येतील, ऐकतील, सांगतील कोण ते. ती नवीन डेटाबेस करून नावं भरत जाईल. वर कागदावरही लिहीन म्हणाली. कागद! मी ठाम विरोध केला. आपण कुठल्या काळात आहोत? साहेब वैतागले होते, मान हलवून मोकळे झाले. माझा हा एक मुद्दा तरी मान्य झाला.

६ नोव्हेंबर, सोमवार

व्हरांडा भरलेला. मासळी विकणाऱ्या बायका टोपल्या घेऊनच येतात. निवृत्त शिक्षक येतात. दोन शब्द झाले की कोणीतरी ओरडतं, "हा तर आमच्या चर्चचा! हा बोलायला लागला की प्रवचन तासभर!" टेम्वा टाईप करते. माझं काम मनाला येईल तो नंबर लावणं. जबाबदारीचं काम आहे.

दुपारी बाजाराचा कल्ला असलेलं एक रेकॉर्डिंग लागलं. एक माणूस ओरडून उसिपा मासळीचे भाव सांगत होता आणि गिऱ्हाइकाला शिव्या घालत होता. सगळे हसले. म्हातारे काबांबे होडीवाले मात्र उठून उभे राहिले, टोपी काढली.

"हा माझा धाकटा," ते म्हणाले. "म्वेराने नेलेला."

परत लावायला सांगितलं. परत लावलं. मग टेम्वाच्या मागे जाऊन उभे राहिले. "काय लिहिलंस, पोरी?"

"मासळीचे भाव."

"ते खोड. त्याचं नाव लिही. येसाया."

तिने लिहिलं. मी म्हणालो की माझ्या बॅकअपमुळे हे शक्य झालं. काबांबेंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं नसावं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं! आगोगोंचं शेवटचं. खोकल्या, मग म्हणाल्या, "सासरी जाताना मी वाटेत दोनदा उलटी केली, नवऱ्याला वाटलं मी रडतेय." व्हरांड्यात बायकांनी तोंडाला पदर लावले, कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेचे. पुढे ते गाणं. टेम्वाने नाव टाईप केलं ते गाणं संपल्यावर.

तावोंगाला फोन केला. ती रडली. मला "दादा, तुमचे उपकार" म्हणाली. मी म्हटलं, कर्तव्य.

टेम्वा म्हणाली, हे लगेच मोबाईलवर घेऊन ठेवते. मी म्हटलं, मोबाईल हरवतो. उद्या मी सगळ्याचा रीतसर बॅकअप घेणार आहे. या वेळी डेटाबेससकट. टिक कशावर करायची हे आता मला कोणी शिकवायला नको.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

टेम्वा अनावरणाच्या स्वयंपाकाला गेली होती. स्टेशनात शांतता. अशा वेळी काम छान होतं.

सगळ्यांवर टिक केली. एकही चौकोन सोडला नाही. डेटाबेस आधी बंद केला. सॉफ्टवेअरने विचारलं, डिस्कवरच्या प्रतीप्रमाणे कॉम्प्युटर करायचा का? मला वाटलं, दोन्ही सारखं व्हायला हवं, तेच तर बॅकअप. हो. मग विचारलं, नवीन फाईल्सच्या जागी जुन्या ठेवायच्या का? जुन्या म्हणजे मूळ. मूळ ते मूळ. हो. जादा असेल ते काढून टाकायचं का? शिस्त हवीच. हो. एवढे प्रश्न विचारतं म्हणजे सॉफ्टवेअर काळजी घेणारं आहे.

हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली.

त्याच दिवशी, जरा वेळाने

नंबर.

परत नुसते नंबर.

मी बॅकअप घेत नव्हतो, रिस्टोअर करत होतो. बाण उलटा होता. बाण इतका बारीक कशाला काढतात?

त्याच दिवशी, टेम्वा आल्यावर

ओरडेल असं वाटलं होतं. नाही ओरडली. फक्त म्हणाली, "म्हणजे आगोगो यातच आहेत."

हो, म्हटलं, हरवलं काहीच नाही.

"फक्त कुठे आहेत ते माहीत नाही."

तांत्रिकदृष्ट्या तिचं बरोबर होतं. तिला कालचा नंबर आठवत नव्हता, म्हणाली, "नाव लिहिल्यावर नंबर कोण लक्षात ठेवतं?" मग आम्ही दोघं दिसेल तो नंबर लावत बसलो. हवामान. कोंबड्या. भजनं. अंधार पडल्यावर तिने तावोंगाला फोन करायला घेतला. मी म्हटलं, नको. मला तो नंबर आठवतोय. आत्ता अचानक आठवला, अगदी डोळ्यांसमोर. लावून दाखवणार तोच वीज गेली.

तिने मोबाईलच्या उजेडात माझ्याकडे पाहिलं. वाईट असं, की विश्वास ठेवावासा वाटल्यासारखं पाहिलं.

१८ नोव्हेंबर, शनिवार

लिहू नये असं वाटतं.

दगडावर पांढरं कापड. चर्चची मंडळी पोशाखात. तावोंगा काळ्या झग्यात पहिल्या रांगेत, हातात रुमाल तयार. साहेबांनी घोषणा केली, "आता आगोगो नेलिया स्वतः बोलतील." स्पीकरला डिस्क जोडलेली होती, तो नंबर काढून मी बटण दाबलं. लावून बघायला सकाळीही वीज नव्हती, इथला स्पीकर चर्चच्या जनरेटरवर.

आरोग्य खात्याचा माणूस. आवाज एकदम खणखणीत. "खड्डा चांगला खोल खणावा. वर झाकण घट्ट बसवावं, म्हणजे वास बाहेर येणार नाही."

संडास बांधण्याबद्दल होतं. पण ते पुढे कळतं.

माझा हात बटणापर्यंत पोचेना. टेम्वाने वायरच उपटली. सगळे मान खाली घालून उभे. कुणाचे खांदे हलत होते, रडून की कसं, सांगता येत नाही. तावोंगा रुमाल घडी करत राहिली. तिने कापड ओढलं, फुलं ठेवली. जेवणाच्या वेळी मी तिच्याजवळ गेलो. दिलगिरीची वाक्यं तयार केली होती. ती म्हणाली, "लोंग्वेदादा, जेवून जा." दुसरं काही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी जेवलो नाही. घरी आल्यावर एस्नातने विचारलं, कसं झालं. सांगितलं, तांत्रिक अडचण आली.

२० नोव्हेंबर, सोमवार

साहेबांचा लेखी आदेश. तांत्रिक प्रमुखाने माउसला हात लावायचा नाही. कीबोर्डलाही नाही. व्हरांड्यात बसून पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत सगळी रेकॉर्डिंग्ज क्रमाने ऐकायची. नावं टेम्वा भरेल. कागदावरसुद्धा.

माझ्या मते हे पद वाढल्यासारखंच आहे. एवढं सगळं ऐकलेला माणूस स्टेशनात दुसरा नसेल.

तावोंगा सकाळच्या मिनीबसने म्झुझूला गेली.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

काबांबे आले होते, मासळीवाल्या बायका होत्या. कोणी मला काही बोललं नाही. एकीने शेंगदाणे दिले. टेम्वाने पहिला नंबर लावला.

खरखर. मग माझा आवाज. स्टेशन सुरू झालं त्या दिवशीचा असणार. "हॅलो. हॅलो. मायक्रोफोन टेस्ट. आवाज येतोय का? मी, गॉडफ्रे लोंग्वे, तांत्रिक प्रमुख, विचारतोय, आवाज येतोय का? हॅलो." असं बराच वेळ. किती दमदार बोलायचो मी. व्हरांड्यात जांभया. टेम्वा पुढचा नंबर लावायला गेली.

तेवढ्यात लांबून, मायक्रोफोनपासून दूर बसलेलं कोणीतरी खोकलं आणि म्हणालं, "येतोय रे लोंग्वे, तुझाच येतोय. आता जरा गप्प बस, म्हणजे दुसऱ्याचाही येईल."

आगोगो.

बायका इतक्या हसल्या की एकीची टोपली कलंडली. काबांबे म्हणाले, परत लावा. परत लावलं. परत हसले. टेम्वाने तावोंगाला फोन लावला आणि मोबाईल स्पीकरला धरला. पलीकडे आधी हसू, मग रडू, मग म्हणाली, "आई अशीच बोलायची. अजून एकदा लावा ना."

मला काहीतरी समजावून सांगायचं होतं, मायक्रोफोनच्या अंतराबद्दल. सगळ्यांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.

टेम्वाने विचारलं, याला नाव काय देऊ?

मी बोललो नाही. तिने तिच्या मनाने काहीतरी लिहिलं आणि पुढचा नंबर लावला. कोंबड्या.