वीस वर्षं टिकणारा कॉम्प्युटर

२ जून, सोमवार
जुना कॉम्प्युटर गेला. शेवटी शेवटी सुरू करताना पिप-पिप करायचा, मी त्याला उत्साह समजलो. सौ.ला मुलांच्या एका पुस्तकाची पानं कॉम्प्युटरवर लावायचं काम मिळालंय, घरबसल्या पहिलंच. शुक्रवारी, २७ तारखेला द्यायचंय. नवा कॉम्प्युटर निवडायची जबाबदारी मी आपणहून घेतली. अट एकच, वीस वर्षं टिकला पाहिजे.

५ जून
मेव्हण्याचा फोन. तो कॉम्प्युटर जोडून देतो. म्हणे साधा प्रोसेसर, त्याला साजेसा मदरबोर्ड, दोन दिवसांत काम होईल. पी हळद नि हो गोरी! त्याला सौम्य शब्दांत नकार दिला. सौ.च्या मते शब्द सौम्य नव्हते.

९ जून
चौदा प्रोसेसर तपासले. कुठलाही निवडला तरी सप्टेंबरात त्याहून चांगला येतोय. सप्टेंबरपर्यंत थांबू म्हटलं. सौ.ने तारीख पुन्हा सांगितली. तिला म्हणालो, लग्न ठरवतानाही मी इतका विचार केला नव्हता. ती म्हणाली, तिनेही केला नव्हता.

१२ जून
मदरबोर्ड आणला. आधी पाया, प्रोसेसर सावकाश. प्रोसेसर बसतो त्या जागेवर प्लास्टिकची टोपी असते. बसवेपर्यंत ती काढू नका, असं दुकानदाराने दोनदा बजावलं. माणूस घाबरट वाटला.

१५ जून, सकाळी
धूळ हा यंत्राचा शत्रू. टोपी काढली, हवा खेळती राहील. आत केसासारख्या सोनेरी तारा, हजाराच्या वर. चष्म्याच्या फडक्याने हळुवार पुसल्या. आता रोज पुसणार, दात घासून झाले की लगेच.

१८ जून
फडक्याचा धागा तारांत अडकला. ओढून काढावा लागला. म्हणजे पकड मजबूत आहे, निवड चुकली नाही.
सौ. पुस्तकाची पानं कागदावर पेन्सिलने आखत बसली होती. मला फार वाईट वाटलं. पेन्सिलीला टोक करून दिलं.

२१ जून
प्रोसेसर घेतला. चौथी खेप. दुकानदार शटर ओढायला लागला म्हणून निर्णय झटपट झाला.

२२ जून, रविवार
मोठ्या मनाने मेव्हण्याला बसवायला बोलावलं. त्याने बोर्डावर मोबाइलचा टॉर्च मारला आणि खालीच बसला. तारा कुणी वाकवल्या, म्हणाला. वाकवल्या नाहीत, पुसल्या, रोज, असं मी स्पष्ट सांगितलं. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने छताकडे.

२३ जून
दुकानदाराने भिंगातून पाहिलं. हे वॉरंटीत बसत नाही म्हणाला. फडकं किती मऊ आहे ते मी दाखवलं. त्याने शेजारच्या दुकानदारालाही बोलावून दाखवलं.
घरी आलो. सौ. पेन्सिलीची पानं चाळत होती. मला बघून पुढचं पान उलटलं. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२४ जून
सौ. सकाळीच मेव्हण्याबरोबर बाहेर पडली आणि वापरलेला लॅपटॉप घेऊन आली. एका कोपऱ्यात चीर. आत प्रोसेसर कोणता, विचारलं. तिला माहीत नव्हतं. किती वर्षं टिकेल, विचारलं.
"शुक्रवारपर्यंत टिकला तरी पुष्कळ," ती म्हणाली. "आणि तुम्ही पुसायचा नाही."

२८ जून, शनिवार
पानं काल वेळेवर गेली. तिला दुसरं पुस्तकही मिळालं. लॅपटॉप चालू आहे. मी लांबूनच बघतो.