महिला सदस्यांची शंका

बाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा वाटतंय, बरं झालं तुम्ही नाही आहात. असतात तर हे सांगायला मी इंदिरा नगरला तुमच्या स्वयंपाकघरात आले असते, आणि तुम्ही हातातलं लाटणं खाली न ठेवता मला बाहेरचा रस्ता दाखवला असता.

काल आमच्या विभागात सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखती होत्या. निवड समितीत एक बाई असावीच लागते, आणि आमच्याकडे इंजिनिअरिंगमध्ये आता प्रोफेसर असलेली बाई मी एकटीच, म्हणून जिथे तिथे मी. सगळ्यात चांगलं काम एका मुलीचं होतं, बाई. इथल्याच जानकीपुरमहून आली होती. फक्त बायोडेटात तीन वर्षं रिकामी. मूल झालं होतं. समितीतले समोरचे साहेब चष्मा पुसत नेमके त्याच पानावर थांबलेले मला दिसले. ते काहीतरी लागेलसं बोलतील, त्यापेक्षा मीच हळूच विचारावं, तिने दोन वाक्यांत सांगून टाकावं आणि विषय मिटावा, असं मला वाटलं. मी विचारलं, "ये तीन साल का गैप है, आगे तो ऐसा नहीं होगा न?" तिने मान खाली घातली. मग पुढच्या सोप्या प्रश्नांची उत्तरंही चुकत गेली. नंतर कॉरिडॉरमध्ये म्हणाली, "मैम, आपको देखकर तो मैं निश्चिंत हो गई थी. इस बार नहीं हुआ तो घरवाले आगे नहीं करने देंगे." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तुम्ही मला ओळखून होतात. तुमच्या हाताखाली पीएचडी करत होते तेव्हा प्रयोगशाळेतले सगळ्यांचे चहाचे कप मीच विसळायचे. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, कुणी सांगायच्या आत. एक दिवस तुम्ही आलात, सगळ्यांदेखत माझ्या हातातला साबण लागलेला कप काढून घेतलात आणि म्हणालात, "कुणी सांगितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. आता नाही कुणाला म्हणणार?" मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. आठवडाभर तुमच्याशी कामापुरतंच बोलले.

आज बैठकीचं इतिवृत्त सहीला आलं. महिला सदस्यांनी, म्हणजे मीच, उमेदवाराच्या कामातील सातत्याबद्दल शंका उपस्थित केली, असं लिहिलंय. तिला नाकारण्याचं तेवढं एकच कारण. बाकी कुणी तोंडच उघडलं नव्हतं, कशाला उघडतील? असहमतीची टीप जोडायचा मला हक्क आहे. दोन ओळी पुरतात. सकाळपासून चारदा पेन उचललं आणि ठेवलं. कारण टीप लिहायची तर प्रश्न माझाच होता हे आधी लिहावं लागतं, आणि का विचारला तेही. काय लिहू? साहेब, तुम्ही तिला दुखवाल म्हणून मीच आधी दुखवलं, असं? कोण हसणार नाही? त्या मुलीचं सगळं या एका कागदावर अडलंय आणि मला दोन ओळी सुचत नाहीत. सांगा ना काहीतरी. ओरडा तरी.

हे पत्र कुठे पाठवणार मी. आत्ताच शिपाई येऊन गेला. दारातूनच म्हणाला, "मैडम, बस आपका साइन बाकी है." मी सही केली, टीप न जोडता. भीती कुणाची नव्हती, बाई. लाज वाटली, एवढंच.