कोपरा फाटलेलं कार्ड आणि माझं दुसरं मरण

मी, प्रल्हाद नारायण मोघे, वायुदलातून निवृत्त सार्जंट, राहणार ब्रह्मा घाट, वाराणसी, जन्म सरकारी कागदांप्रमाणे एकदा आणि आमच्या घरच्या शास्त्राप्रमाणे दोनदा, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्या हृदयाविषयी डॉक्टर फारसं बरं बोलत नाहीत. डोकं ठीक आहे. त्याबद्दल शंका फक्त माझे थोरले बंधू वेदमूर्ती काशीनाथ यांना आहे, आणि ती जुनी आहे.

१. बँकेतली शिल्लक आणि घरातला माझा निम्मा हिस्सा पत्नी सौ. विद्युल्लता हिला. दादांचा मुलगा देवव्रत परवा मोठ्या मायेने म्हणाला, "काका, पेपर बनवून टाका ना, बाद में झंझट होतो." बनवले. त्यांत तो नाही. माझ्या निवृत्तिवेतनाचा वाटाही तिलाच मिळेल, पण सरकार त्यासाठी मृत्यूचा दाखला मागतं. सरकारला शास्त्र कळत नाही. आमच्या घरी पोस्टकार्डाचा कोपरा पुरतो.

२. हत्यारांची पेटी मुलगी कस्तुरी हिला. विमानांच्या इंजिनांवर चालवलेले हे पाने तिने शाळेत असताना घरचा पंखा खोलायला घेतले होते, आणि पंखा पुन्हा फिरला होता. देवव्रतच्या हाती पेटी पडली तर तो स्क्रूड्रायव्हरने तुपाचा डबा उघडेल.

३. दादांना माझी क्षमा. ती आजवर मागितली गेलेली नाही, त्यामुळे कोरी करकरीत आहे. हकीकत नोंदवून ठेवतो, कारण घरात ती आता वेगळीच सांगतात.

एकाहत्तरच्या लढाईत आमच्या तळाचं नाव पत्रात लिहायला बंदी होती. हाताला वळण मात्र घरचं: आधी उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख, मग 'तीर्थरूप दादांस'. पत्रं तपासणाऱ्या साहेबांनी शाई फासण्याऐवजी कात्रीने कोपराच उडवला. आपल्याकडे कोपरा फाटलेलं कार्ड मरणाची बातमी आणतं. ते घरात घेत नाहीत, वाचून दारातच फाडतात. दादांनी या रीतीतलं वाचणं तेवढं वगळलं. तुकडे गंगेत सोडले, रामघाटावर नेसत्या वस्त्रांनिशी स्नान केलं आणि घराला सुतक लावलं. कार्डात मी खुशाल असल्याचं कळवून लोकरीचे मोजे मागितले होते. मोजे आले नाहीत.

देह नव्हता, म्हणून पळसाच्या पानांचा प्रल्हाद करून मणिकर्णिकेवर जाळला. विधीत एक मंत्र चुकला नाही, असं सगळे सांगतात. बायका विद्युल्लतेच्या बांगड्या उतरवायला आल्या, तेव्हा ती म्हणाली, "मला कार्ड दाखवा. अक्षर पाहिल्याशिवाय मी हात पुढे करणार नाही." कार्ड एव्हाना पाण्यात होतं. तिने हात पदराखाली घेतले ते घेतलेच. तेराव्याचं जेवण चालू असताना माझं पुढचं पत्र आलं. दादा म्हणाले, "टपाल उशिरा येतं." आणि भात वाढायला सांगितला.

लढाई संपल्यावर मी स्वतः दारात उभा राहिलो. तेव्हाही आधी ग्रंथ उघडला गेला. उत्तरक्रिया झालेला माणूस परतला तर त्याला पुन्हा जन्मावं लागतं. मला तुपाने माखलं, माझं बारसं केलं, मिशा असताना मुंज लावली आणि शेवटी माझ्याच बायकोशी माझं लग्न. अंतरपाटाच्या पलीकडून ती हळूच म्हणाली, "मागच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. आता तुम्ही विचारा." मी विचारलं. आयुष्यात दादांच्या शास्त्राचा मला झालेला हा एकमेव फायदा, आणि तो मोठा होता.

४. गंगेत गेलेलं ते कार्ड सोडून माझी सगळी पत्रं विद्युल्लतेच्या ट्रंकेत आहेत, ती तिचीच. खरं तर सगळी दादांच्या नावे आहेत. एकत्र घरात बायकोला पत्र लिहिण्याची रीत नव्हती, तिच्या वाट्याला शेवटची ओळ यायची: 'सौ.स आशीर्वाद.' त्या ओळीसाठी ती पूर्ण पत्र जपून ठेवी. याचं मला वाईट वाटतं.

५. माझं क्रियाकर्म एकदा यथासांग झालेलं आहे. पुन्हा करू नये. विजेच्या दाहिनीत न्यावं, कस्तुरीने बरोबर यावं. माझं पहिलं मरण विद्युल्लतेने मान्य केलं नव्हतं आणि ती बरोबर निघाली होती. म्हणून याही वेळी ती स्वतः मानेपर्यंत तिचं कुंकू आणि बांगड्या जागच्या जागी राहतील. ती कधीच मानणार नसेल, तर कधीच नाही. ज्याला हात लावावासा वाटेल त्याने आधी तिला कार्ड दाखवावं.

६. शेजारी रत्नाकर दामले यांच्याकडे मी एक पोस्टकार्ड दिलं आहे. मी गेल्यावर तेराव्या दिवशी पोचेल असं त्यांनी ते पेटीत टाकावं. चारही कोपरे शाबूत आहेत. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ते फक्त तिला आहे, आणि पत्त्यात 'सौ. विद्युल्लता प्रल्हाद मोघे' असं लिहिलं आहे. पोस्टमनने नाव नेहमीसारखं गल्लीत मोठ्याने पुकारावं. दादांनी भुवया उंचावल्या तर त्यांना सांगावं, टपाल उशिरा येतं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली. मृणालिनीताई मध्येच डोळे पुसत होत्या, त्यामुळे त्यांची सही जरा ओली आहे.

सही: प्रल्हाद नारायण मोघे

साक्षीदार:
१. रत्नाकर दामले, निवृत्त रेल्वे गार्ड, ब्रह्मा घाट
२. मृणालिनी आठवले, शिक्षिका, रामघाट

वाराणसी, १७ नोव्हेंबर १९९६
(गाव आणि तारीख या वेळी खाली लिहिली आहे.)