बरी झाल्यावरचं

३ फेब्रु. ९८
मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सर, पण बरा होणारा, असं नगरचे डॉ. म्हणाले. दोनदा म्हणाले. घरी येऊन दहावीचे सराव पेपर काढून बसले. पस्तीस तपासले. कुणाला किती दिले, देव जाणे.

५ फेब्रु.
हे सुप्याहून आले, कंपनीतून थेट, युनिफॉर्मवरच. पुण्याच्या डॉ.बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. केमोच्या औषधांनी पाळी कायमची जाऊ शकते. त्याआधी इंजेक्शनं देऊन माझी बीजं काढायची, यांच्या बीजाशी फळवायची आणि ते गर्भ गोठवून ठेवायचे. नुसती बीजं गोठवली तर बहुतेक टिकत नाहीत. म्हणजे काढतील त्या दिवशी हे हजर पाहिजेत.
"येतो म्हणजे येतो. त्यात काय एवढं?"
परत श्रीरामपूरला येताना एसटीत माझा हात धरून बसले होते. चार वर्षांत पहिल्यांदा, चारचौघांत.

९ फेब्रु.
पुण्यात मावशीकडे राहिलोय, आई आणि मी. इंजेक्शनं सुरू. आई म्हणते, कर बाई, नाहीतर उद्या जावई तोंड फिरवतील. सासूबाईंचा निरोप, वंशाला दिवा पाहिजे. ज्याचं त्याचं कारण तयार. मला फक्त डॉ.बाईंनी विचारलं. मी म्हटलं, मूल हवंय. खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. गोठवून ठेवायचं म्हणजे परत न्यायला यायचं. 'बरी झाल्यावर'ची एक तरी वस्तू माझ्या नावावर हवी आहे. हे कुणाला सांगणार. यांना सांगेन.

२० फेब्रु.
तारीख ठरली. २२, रविवार. यांना फोन केला. "रविवार ना, बरं झालं. रजेचा प्रश्न न्हाई."

२२ फेब्रु.
सकाळी बीजं काढली. सात निघाली. हे नाहीत. नऊ वाजले. अकरा वाजले. आई रस्त्यावर जाऊन उभी. कंपनीत फोन लावला तर वॉचमन म्हणाला, आज सुट्टी, कोणी नाही. दुपारी डॉ.बाई म्हणाल्या, "आता थांबता येणार नाही. नुसतीच गोठवून बघू? आशा फार देत नाही." म्हटलं, गोठवा.

२३ फेब्रु.
यांचा फोन. डबल शिफ्ट होती म्हणे. वॉचमन दुसऱ्या गेटचा असेल. बघा, यांची वकिली मीच करतेय.

८ मार्च
पहिली केमो होऊन पाच दिवस. श्रीरामपूरला घरी आलेय. पाण्यालाही वास येतो. सासूबाई गावाहून आल्या. पाटावर बसवून ओटी भरली, नारळ, तांदूळ, मोरपंखी ब्लाउजपीस. "लई सोसलंस गं," म्हणून डोळ्याला पदर.
ब्लाउजपीसच्या कोपऱ्यात लाल शाईचा ठिपका. पेपर तपासताना माझ्याच पेनाचा पडलेला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हा आमच्या शाळेतल्या काळेबाईंना दिला होता, ठिपका घडीच्या आत लपवून.
सासूबाईंना विचारलं, "आत्या, हा कुठला?"
"घरातच पडला हुता."
ब्लाउजपीस फिरतातच, मीही फिरवते. पण काळेबाई आणि सासूबाईंची साधी तोंडओळखही नाही.

११ मार्च
शाळेत गेले. काळेबाईंना विचारलं. आधी नाही म्हणाल्या, मग रडायलाच लागल्या. त्यांनी तो बहिणीला दिला होता. बहिणीच्या मुलीला बघायला २२ तारखेला पाहुणे आले, त्यातल्या मुलाच्या आईची ओटी बहिणीने त्याच ब्लाउजपीसने भरली. "पाहुणे म्हणाले, आधीची आजारी आहे, तीच म्हणते दुसरं करा. ते तुमचे आहेत हे मला परवा कळलं हो. कोणत्या तोंडाने सांगणार होते?"
म्हणजे पोहे खाल्ले असतील. वर चहा. मुलीला किती शिकलीस विचारलं असेल. आणि मी इकडे भुलीच्या गुंगीत आईला विचारत होते, आले का, आले का.

१५ मार्च
दिलीप आला. आता 'हे' लिहवत नाही. "आईनं लई जोर केला. नुसतं बघायचंच हुतं. तुझं उद्या काय झालं तर..." तिकडे नकार कळवलाय म्हणतो. पुण्याला येतो, लागेल ते करतो म्हणतो. खरंही असेल. तेव्हाही 'येतो म्हणजे येतो'च म्हणाला होता.
मुलगी बघितली याचं तेवढं नाही. मी मरणार, हे यानं धरून टाकलं. डॉक्टरांनी नाही धरलं, आईने नाही, नवऱ्यानं धरलं.

२१ मार्च
पुण्याहून फॉर्म आला. बीजं वर्षभर ठेवायची तर सही करून पाठवा. माझी सही, खाली पतीची. माझी केली. खालची जागा तशीच आहे. दिलीप ओट्यावर बसलाय, हाक मारलेली नाही.
सकाळी ब्लाउजपीस शिवायला टाकला. पुन्हा कुणाच्या ओटीत जायला नको. शिंपीणबाईंनी टेप लावला, परत लावला. "मॅडम, लई उतरलात. अंगाबरोबर बेतू का?"
म्हटलं, नको. आत कापड भरपूर सोडा. मी परत भरणार आहे.